आठशे किलोमीटरवरची गेजपट्टी

गुलबर्ग्याकडच्या अफजलपूरहून पश्चिमेला नाकासमोर गेलं तर रत्नागिरीचा किनारा सव्वातीनशे किलोमीटरवर लागतो. पूर्वेचा समुद्र त्याहून लांब, पाचशेच्या आसपास. तालुक्यातल्या पुष्कळांनी समुद्र पाहिला असेल तो मुंबईला पाहुण्यांकडे गेल्यावर, चौपाटीवर उभं राहून, तेवढाच. इथला पाण्याचा सगळा संबंध भीमेशी. तिच्या काठी गाणगापूर, तिच्यावर सोन्नचा बंधारा, तिच्या जिवावर ऊस, आणि तिच्यापासून लांब पडलेल्या काळ्या रानात पावसाच्या जिवावर तूर.

अशा गावात समुद्राच्या प्रवाहांची चर्चा घडवायची तर दोन माणसं कल्पावी लागतात. एक मामा. नदीची पाणीपातळी वाचण्यात नोकरी घालवून निवृत्त झालेले. केंद्रीय जल आयोगाची अशी ठाणी भीमेवर जागोजाग आहेत, त्यातलं एक अफजलपूरच्या बाजूलाच, देवणगावच्या पुलाजवळ. दुसरी त्यांची भाची. ती हैदराबादला असते आणि उपग्रहाने मोजलेल्या समुद्रपातळीवर काम करते. समुद्राचं काम आणि हैदराबाद हे ऐकायला विचित्र वाटतं खरं. पण समुद्राची माहिती पुरवणारं देशाचं केंद्र, इन्कॉइस, १९९९ पासून आहे ते हैदराबादेतच. आणि गुलबर्ग्याकडच्या माणसाला हैदराबादची वाट काही नवी नाही. १९५६ पर्यंत त्याची राजधानी तीच होती.

संवाद माझा आहे, हरकती मात्र खऱ्या आहेत. मामांच्या तोंडी घातलेली एकही शंका अशी नाही, जी समुद्रशास्त्रज्ञांनी स्वतः एकमेकांना विचारलेली नाही.

मामा : तुझं काम मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. आठशे किलोमीटरवरून एक यंत्र समुद्राकडं बघतं. पाणी किती उंच आहे ते सांगतं. त्यावरून तुम्ही पाणी कुठं चाललंय, किती वेगानं चाललंय, ते काढता. असंच ना?

भाची : असंच.

मामा : मग माझी हरकत पहिल्या पायरीवरच. पट्टीवरच्या आकड्यावरून पाणी किती वाहतंय हे कळत नसतं. पातळी वेगळी, विसर्ग वेगळा. विसर्ग काढायला होडी घालावी लागते. पात्राचे भाग पाडायचे, एकेका जागी खोली घ्यायची, मग वरून खोलीच्या ०.६ अंतरावर करंट मीटर सोडायचा. त्याच्या वाट्या फिरतात, ठरावीक फेऱ्या झाल्या की कानात टक् वाजतं. घड्याळ लावून ते टक् मोजायचे. असं या काठापासून त्या काठापर्यंत. कमी पाण्यात करायचं, मध्यम पाण्यात करायचं, पुरात जमेल तसं करायचं, तेव्हा कुठं पातळी आणि विसर्गाचा तक्ता बसतो. आणि एखादा मोठा पूर तळ खरवडून गेला की तो तक्ता रद्दीत. तुम्ही कुठं होडी घातली?

भाची : घातली आहे, त्याचं पुढे सांगते. पण समुद्राचा हिशेब नदीसारखा नाही, मामा. नदीत पाणी उताराच्या दिशेने वाहतं. भर समुद्रात ते उताराला आडवं वाहतं.

मामा : आडवं? म्हणजे टेकाडावरून खाली न येता टेकाडाला वळसा घालून जातं म्हणतेस?

भाची : तसंच. पृथ्वी फिरते म्हणून. पाणी उताराने सरकायला लागलं की आपल्या उत्तर गोलार्धात ते उजवीकडे वळत जातं. वळत वळत अशा ठिकाणी येतं, की एकीकडून उताराची ओढ आणि दुसरीकडून फिरण्याचा रेटा, दोन्ही सारखे होतात. मग उंच भाग उजव्या हाताला ठेवून ते चालत राहतं. भीमेत हे जाणवत नाही, कारण काही शे मीटरच्या पात्रात या रेट्याला काम करायला जागाच नाही. शंभर किलोमीटर रुंदीचा प्रवाह आठवडेच्या आठवडे चालला की तोच मुख्य होऊन बसतो.

मामा : आणि उतार किती असतो?

भाची : गोव्याच्या अक्षांशावर शंभर किलोमीटरमध्ये दहा सेंटिमीटरचा फरक पडला, तर प्रवाह सेकंदाला पाव मीटर. तासाला एक किलोमीटरच्या जरा आत.

मामा : शंभर किलोमीटरला वीतभर नाही! आम्ही याला सपाट म्हणून लिहिलं असतं.

भाची : म्हणून तर तीन सेंटिमीटरची चूकसुद्धा महागात जाते. शंभर किलोमीटरमध्ये तीन सेंटिमीटर चुकले की वेग सेकंदाला सात-आठ सेंटिमीटरने चुकतो.

हा आकडा जरा हातात धरून बघण्यासारखा आहे. इस्रो आणि फ्रान्सची सीएनईएस यांचा ‘सरल’ हा उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला, तो सुमारे आठशे किलोमीटर उंचीवर. त्याच्यावरच्या ‘अल्टिका’ या उंचीमापकाचा रडार-स्पंद खाली जाऊन परत यायला हजारांश सेकंदाचे साडेपाच भागही लागत नाहीत. एवढ्या वेळात तीन सेंटिमीटर धरायचे म्हणजे वेळ किती बारीक कापावी लागते, ते वाचकांनीच पाहावं. वेळ कापणं त्या मानाने सोपं आहे म्हणे. अवघड आहे ती हवा.

मामा : हवेचं काय?

भाची : हवेतून जाताना स्पंद थोडा रेंगाळतो. नुसत्या कोरड्या हवेमुळे अंतर दोन मीटरहून जास्त लांब दिसतं. ते हवेच्या दाबावरून नीट काढता येतं. बाष्पाचं तसं नाही. आपल्याकडे पावसाळी हवेत बाष्पामुळे तीस-चाळीस सेंटिमीटरपर्यंत फरक पडतो, आणि तो आज इथे एक, उद्या तिथे दुसरा. म्हणून उपग्रहावर बाष्प मोजायला वेगळं यंत्र ठेवावं लागतं. शिवाय लाटांची खोलगट बाजू रडारला जास्त चांगलं परावर्तन देते आणि शिखरं कमी देतात, त्यामुळे खवळलेला समुद्र आहे त्यापेक्षा खाली दिसतो. तीही दुरुस्ती. हवेचा दाब एका मिलिबारने उतरला की पाणी सेंटिमीटरभर वर येतं. तेही वजा करायचं. भरती-ओहोटी वजा करायची.

मामा : म्हणजे तू मोजतेस दहा सेंटिमीटर आणि वजाबाक्या करतेस मीटरमीटरच्या.

भाची : हो.

मामा : आमच्याकडं असं कुणी लिहून दिलं असतं तर साहेबांनी वही तोंडावर मारली असती.

भाची : त्या वजाबाक्यांवर लोकांनी आयुष्यं घातली आहेत, मामा. आणि चुका सापडल्याही आहेत. टोपेक्स-पोसायडन हा या कामातला पहिला मोठा यशस्वी उपग्रह. १९९२ च्या ऑगस्टमध्ये गेला, अमेरिका आणि फ्रान्सचा. त्याच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून समुद्र फारच झपाट्याने चढतोय असं दिसलं. १९९६ मध्ये कळलं की एका दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्येच चूक होती. आजही बंदरातल्या भरतीमापकांशी ताडून बघतात, उपग्रह घसरत तर नाही ना. मुंबईला अपोलो बंदरावरच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत.

मामा : म्हणजे शेवटी काठावरचीच पट्टी खरी.

भाची : पट्टी त्या एका जागेपुरती खरी. भारताच्या किनाऱ्यावर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच ठिकाणी लांब काळाच्या नोंदी आहेत. मधल्या अरबी समुद्राला काठ कुठे आहे?

इथे मामा थोडा वेळ गप्प बसतील असं मला वाटलं होतं. पण गेज वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यात एक प्रश्न कायम जागा असतो.

मामा : शून्य कुठलं धरता?

भाची : हाच आमचा सगळ्यात अवघड प्रश्न. समुद्र अगदी शांत असता, एकही प्रवाह नसता, तरी तो सपाट नसता. खाली कुठे खडक जड, कुठे हलका, त्याप्रमाणे गुरुत्व ओढतं आणि पाणी त्या आकाराला बसतं. कन्याकुमारीच्या खाली, श्रीलंकेच्या आसपास समुद्राचा पृष्ठभाग पृथ्वीच्या आदर्श आकारापेक्षा शंभर मीटरहून जास्त खोल आहे. जगातला सगळ्यात मोठा असा खळगा. त्यातून जहाजं जातात आणि कुणाला उतार लागत नाही, कारण त्या जागी तीच समपातळी. आता त्या समपातळीच्या वर पाणी किती सेंटिमीटर आहे त्यावर प्रवाह ठरतो. समपातळीचा आकार बारीक तपशिलात सेंटिमीटरपर्यंत माहीत नाही. ग्रेस हे उपग्रह २००२ मध्ये गेले, गोसे २००९ ते २०१३ फिरला, त्यांनी गुरुत्व मोजून बरीच मदत केली. तरी पन्नास-शंभर किलोमीटरच्या आतलं चित्र अजून धूसरच.

मामा : मग?

भाची : मग शून्याचा नाद सोडायचा. उपग्रह त्याच रेषेवरून पुन्हा पुन्हा नेतात. टोपेक्स दर दहा दिवसांनी त्याच जागी येई. त्या जागेची वर्षानुवर्षांची सरासरी काढायची आणि दर वेळच्या आकड्यातून ती वजा करायची. खडकाची ओढ दोन्हींत सारखीच, ती आपोआप उडून जाते. उरतो तो बदल. पातळीतला बदल कळला की उतारातला बदल कळतो, उतारातला बदल कळला की प्रवाहातला.

मामा : म्हणजे पाणी किती वाहतं हे तुम्हाला माहीत नाही. नेहमीपेक्षा जास्त की कमी, तेवढंच माहीत.

भाची : निव्वळ उपग्रहावरून बोलायचं तर बरंचसं तसंच.

मामा : आणि नकाशावर बाण काढता ते? परवा दाखवलेस की मोबाइलवर. निळे-तांबडे भोवरे आणि त्यांच्याभोवती बाणच बाण.

भाची : बाण काढताना सरासरी परत मिळवतात. ती गुरुत्वाच्या उपग्रहांवरून आणि पाण्यात सोडलेल्या तरंगत्या यंत्रांवरून वेगळी काढलेली असते.

मामांची ही टोचणी मला पटते. ते रंगीत नकाशे वर्तमानपत्रांत येतात तेव्हा खाली एवढंच असतं, की हे समुद्राचे प्रवाह. त्यातलं मोजलेलं किती, वजा केलेलं किती आणि दुसरीकडून आणून मिळवलेलं किती, हे कुणी लिहीत नाही. पण भाचीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. आपल्या समुद्रात बदल हीच मुख्य गोष्ट आहे. अटलांटिकमधला गल्फ स्ट्रीम बाराही महिने एकाच दिशेने वाहतो. कोकण-गोव्यासमोरचा प्रवाह वर्षातून दोनदा पाठ फिरवतो. पावसाळ्यात तो दक्षिणेला जातो, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेला. अशा प्रवाहाची वर्षाची सरासरी काढली तर हाती काय लागणार?

भाची : तुमचंच टेकाड लावून बघा, मामा. पावसाळ्यात प्रवाह दक्षिणेला चाललाय. त्याचा उजवा हात कुठला?

मामा : पश्चिम. भर समुद्राकडचा.

भाची : मग उंच पाणी तिकडे, आणि किनाऱ्याला पाणी उतरलेलं. हिवाळ्यात प्रवाह उत्तरेला, उजवा हात पूर्वेचा. म्हणजे पाणी किनाऱ्याला चढलेलं. उपग्रहात हेच दिसतं आणि बंदरातल्या पट्टीतही हेच.

मामा : बरं, हे जमलं. पण तू म्हणालीस दर दहा दिवसांनी. भीमेचा पूर चार दिवसांत चढून उतरतो. दहा दिवसांनी येणाऱ्या माणसाला आम्ही गेज रीडर म्हणत नाही, पाहुणा म्हणतो. आमच्याकडं रोज सकाळी आठला वाचन, आणि पुरात तासातासाला, रात्री कंदील घेऊन.

भाची : समुद्रातले मोठे भोवरे दोन-दोन महिने टिकतात, त्यांना दहा दिवस पुरतात. पण पाहुण्याचं म्हणालात ते एका बाबतीत फार खरं आहे. मुख्य भरती साडेबारा तासांत एकदा येते, टोपेक्स जवळजवळ दहा दिवसांनी. तो दर खेपेला भरतीच्या थोड्या वेगळ्या टप्प्यावर पोचतो. त्याच्या नोंदी ओळीने मांडल्या की भरती त्याला बासष्ट दिवसांची संथ लाट म्हणून दिसते. समुद्रात अशी लाट नाहीच. भरती नीट वजा झाली नाही तर माणूस तिलाच नवा प्रवाह समजेल.

मामा : बघ! आणि किनाऱ्याजवळ?

भाची : किनाऱ्याजवळ तर पंचाईतच. रडारच्या पायाखाली थोडी जमीन आली की परावर्तन बिघडतं. शेवटच्या दहा-वीस किलोमीटरमधले आकडे बऱ्याचदा टाकून द्यावे लागतात. ‘सरल’ची लहर आखूड, त्यामुळे तो जुन्या उपग्रहांपेक्षा किनाऱ्याच्या जास्त जवळ जाऊ शकतो. पण तीच आखूड लहर पावसात अडते.

मामा : म्हणजे आपल्याकडं मृगापासून हस्तापर्यंत तो आंधळा?

भाची : आंधळा नाही. जोराच्या सरीत सापडला तर तेवढ्यापुरत्या नोंदी जातात.

मामा : मासेमारी किनाऱ्याजवळ, प्रवाह किनाऱ्याजवळ, पाऊस किनाऱ्याजवळ. आणि यंत्राची अडचण पण किनाऱ्याजवळच.

भाची : म्हणून होडी घालतात. आता सांगते. गोव्याला दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ पासूनची. तिथल्या लोकांनी गेल्या वीसेक वर्षांत गोवा, जयगड अशा ठिकाणांसमोर, समुद्राचा तळ जिथे एकदम खोल उतरत जातो त्या उतारावर, प्रवाहमापक नांगरून ठेवले. तुमच्या करंट मीटरसारख्या वाट्या नाहीत त्याला. ते खालून वर आवाज सोडतं आणि पाण्यातल्या बारीक कणांवरून परत आलेला आवाज ऐकून प्रत्येक खोलीवर पाणी किती वेगाने चाललंय ते लिहून ठेवतं. वर्षाने जहाज जातं आणि दोर सोडवून यंत्र वर घेतं. मधल्या काळात एखाद्या ट्रॉलरने जाळ्यात ओढून नेलं नाही तर.

मामा : नेतात?

भाची : तुमच्या पट्ट्या लोक उपटून नेत नव्हते?

मामा हसले असतील. लोखंडी पट्टी, तीही सरकारी, नदीकाठी उघड्यावर.

भाची : गोव्यासमोरच्या अशा नोंदी आणि उपग्रहाची पातळी जोडून २००९ मध्ये एक काम झालं. दोन-तीन महिन्यांच्या फेऱ्याने गोव्याचा प्रवाह जो मागेपुढे होतो, त्याचं कारण गोव्याच्या वाऱ्यात फारसं सापडत नाही. ते विषुववृत्तावरच्या वाऱ्यात सापडतं. तिथे वारा हलला की पाण्यात एक लाट उठते, डोळ्याला न दिसणारी, काही सेंटिमीटर उंचीची आणि हजारो किलोमीटर लांबीची. ती पूर्वेला सुमात्र्यापर्यंत जाते. तिथून किनारा धरून बंगालच्या उपसागराला पूर्ण वळसा घालते, श्रीलंकेवरून वळते आणि केरळ, कर्नाटक, गोवा करत वर चढते. एका जागी यंत्र ठेवून ही वाट कधी दिसली असती का? गोव्याच्या प्रवाहमापकाने सांगितलं की काहीतरी आलं. कुठून आलं ते उपग्रहाने सांगितलं.

मामा : म्हणजे वरच्या उजनी धरणातून सोडलेलं पाणी इथं कधी पोचणार, तसं.

भाची : तसंच. फक्त इथे पाणी येत नाही, पातळीचा धक्का पुढे येतो.

या मुद्द्यावर मी स्वतः भाचीच्या बाजूचा आहे. नदीकाठच्या माणसाला प्रवाह म्हटलं की वरून खाली येणारं पाणी दिसतं, आणि कारण शोधायचं तर तो वरच्या अंगाला बघतो. समुद्रात वरचं अंग कुठलं हेच आधी शोधावं लागतं.

भाची : आणि आता तुमच्या भीमेचं. ती भीमाशंकरला उगवते. तिथून अरबी समुद्र किती जवळ! पण ती त्याच्याकडे पाठ करून निघते. पुणे, सोलापूर, अफजलपूर, रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागरात जाते.

मामा : जाते म्हणायचं. उजनी अडवतं, सोन्न अडवतं, पुढं जुराला, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचं प्रकाशम. पाऊस नसलेल्या वर्षी समुद्राला काय मिळत असेल देव जाणे.

भाची : खरंय. तरी सगळ्या नद्या मिळून, मुख्यतः गंगा आणि ब्रह्मपुत्रा, आणि वरून पडणारा पाऊस, हे गोडं पाणी त्या उपसागरात इतकं जातं की तिथलं पाणी अरबी समुद्रापेक्षा कमी खारट आहे. कमी खारट म्हणजे हलकं, आणि हलकं पाणी जरा फुगून उभं राहतं. विशाखापट्टणमला समुद्राची सरासरी पातळी मुंबईपेक्षा सुमारे तीस सेंटिमीटरने वर आहे. सर्वे ऑफ इंडियाने जमिनीवरून पातळी नेली तेव्हाच हे दिसलं होतं. ते का, हे २००१ मध्ये गोव्याच्या त्याच संस्थेतल्या डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी मांडलं. त्या तिसात तुमच्या भीमेचा वाटा नखाएवढासुद्धा नसेल, पण आहे. पावसाळा संपला की पूर्व किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेला वळतो, ते हलकं पाणी श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात येतं आणि हिवाळ्याच्या प्रवाहाबरोबर केरळच्या बाजूने वर सरकतं.

मामा : म्हणजे पाठ करून गेलेली पोर फिरून माहेरच्या दाराशी येते म्हण की.

भाची : दारापर्यंत नाही. विरत विरत, ओळखू येणार नाही अशी.

आता मामा खुशीत आलेले असतात, आणि अशा वेळी माणसाने कामाचा प्रश्न विचारावा तसा ते विचारतात.

मामा : हे सगळं ऐकायला गोड आहे. तुरीला याचा उपयोग काय?

भाची : थेट काही नाही.

मामा : शाबास. पहिलं सरळ उत्तर.

भाची : आडून आहे. १९९७ मध्ये प्रशांत महासागरात जबरदस्त एल निनो होता. टोपेक्सने तिथलं फुगलेलं पाणी आठवड्यामागून आठवडे पूर्वेला सरकताना दाखवलं. सगळे म्हणाले, भारतात दुष्काळ. देशाचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. त्याच वर्षी हिंदी महासागरात उलटी गोष्ट चालली होती. सुमात्र्याकडे पाणी थंड आणि उतरलेलं, आफ्रिकेकडे उबदार आणि चढलेलं. या झोक्याला १९९९ मध्ये नाव मिळालं, इंडियन ओशन डायपोल. नाव देणाऱ्या चौघांत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे गोस्वामी होते, आणि विनयचंद्रनही. २०१९ ला तो पुन्हा जोरात आला आणि देशाचा पाऊस ११० टक्के. सगळं श्रेय त्याचंच, असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण समुद्राच्या पोटात किती ऊब आहे हे पृष्ठभागाच्या तापमानावरून कळत नाही. ते पातळीवरून कळतं, कारण तापलेलं पाणी फुगतं. हंगामाचा अंदाज काढताना मॉडेलमध्ये ही पातळी घालतात.

मामा : देशाचा पाऊस १०२ टक्के असो की ११० टक्के. आमच्या रानात पडला का, एवढंच मी विचारणार. आणि २०२०? ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरातून ते कमी दाबाचं क्षेत्र आलं, काकीनाड्याला जमिनीवर चढलं, तुझं हैदराबाद बुडवलं आणि सोलापूर-गुलबर्ग्यावर येऊन सांडलं. भीमाकाठची गावं पाण्यात गेली. समुद्रातूनच आलं ना ते? मग तुमच्या यंत्रानं काय सांगितलं?

भाची : त्या पुराबद्दल काही नाही. समुद्रात खोलवर ऊब कुठे साठलीय हे पातळीवरून काढतात आणि चक्रीवादळ जोर धरेल का, यासाठी वापरतात. कमी दाबाचं क्षेत्र जमिनीवर आल्यावर पाऊस कुठल्या तालुक्यात पडणार, हे उंचीमापकाचं कामच नाही. त्याला हवामान खात्याचं रडार लागतं आणि नदीवर तुम्ही लागता.

मामा : मग आधी पुलावर माणूस वाढवा.

भाची : उपग्रहाचे पैसे तोडून?

मामा : तोडून म्हणत नाही. पण मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या जागेवर माणूस किती महिने नव्हता ते मला माहीत आहे.

याला भाचीकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. दोन्ही कामं सरकारी पैशाने चालतात आणि दोन्हींतलं एकच वर्तमानपत्रात छापून येतं. मला मात्र या दोघांमधलं खरं साम्य दुसरीकडे दिसतं.

भाची : पट्टी पुरात वाहून गेली की काय करत होता?

मामा : नवी रोवायची. पण तिचं शून्य जुन्याला बांधायला लागतं. काठावर बेंचमार्कचा दगड असतो, त्यावरून लेव्हल आणायची. जुनी अर्धीमुर्धी उभी असली तर दोन्ही काही दिवस शेजारी वाचायच्या. नाहीतर मागच्या सगळ्या वह्या आणि पुढच्या सगळ्या वह्या एकमेकींशी बोलतच नाहीत.

भाची : टोपेक्स म्हातारा झाला तेव्हा २००१ च्या डिसेंबरात जेसन-१ पाठवला. दोघांना काही महिने एकाच रेषेवरून उडवलं, जेमतेम मिनिटभराच्या अंतराने. तेच पाणी, तीच हवा, दोन यंत्रं. जो फरक येईल तो यंत्रांचा. मग जेसन-२, जेसन-३, आणि २०२० मध्ये सेंटिनेल-६, तो तर जेसन-३ च्या मागे अर्ध्या मिनिटावर. म्हणून १९९२ पासूनची वही एकच आहे.

मामा : हे मात्र साहेबांनी मान्य केलं असतं.

भाची : आणि आता नवा आलाय, स्वॉट. २०२२ च्या डिसेंबरात गेला. तो एका रेषेवर नाही, दोन्ही बाजू मिळून एकशेवीस किलोमीटरचा पट्टा बघतो, मधली वीसेक किलोमीटरची पट्टी सोडून. समुद्रातले बारीक भोवरे दिसावेत म्हणून केलाय. पण शंभर मीटरहून रुंद नद्यासुद्धा मोजतो. भीमासुद्धा.

मामा : किती दिवसांनी येतो?

भाची : एकवीस दिवसांचा फेरा. त्यात एखाद-दोनदा दिसते.

मामा : मग पूर त्याला सापडायचा नाही.

भाची : सापडला तर सापडला.

मामा : आणि मधल्या दिवसांचं काय लिहिता? समुद्राच्या नकाशात तर रोजचा रकाना भरलेला असतो. दोन रेषांच्या मधलं पाणी कुणी बघितलेलंच नाही, तिथंही रंग असतो.

भाची : आजूबाजूच्या नोंदींवरून भरतो. भोवरा किती मोठा असतो, किती दिवस टिकतो, हे माहीत आहे. त्याप्रमाणे जवळच्या नोंदीला जास्त वजन, लांबच्याला कमी. आणि त्या जागी चूक किती असू शकेल, तेही शेजारी लिहितो.

मामा : आम्ही कोरा सोडत होतो. पट्टी बुडाली, दिसली नाही, तर तसं लिहायचं आणि पुढं जायचं.

भाची : कोरा सोडला तर पुराचा अंदाज काढणाऱ्याला काय मिळालं?

मामा : खरं मिळालं.

भाची : त्याला खरं नको होतं, मामा. उद्या पाणी कुठवर येणार ते हवं होतं. तुमच्या कोऱ्या रकान्यात वर आणि खालच्या ठाण्यावरून त्याने आकडा स्वतः घातलाच असेल.

मामा : घातला असेल. पण त्याच्या अक्षरात.